‘एक दो तीन’ आणि आपलं गॅदरिंग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘शाळेच्या आठवणी’. पण आठवणी सांगायला इथे माझ्यापेक्षा ज्येष्ठ मंडळी बसली आहेत. शाळेच्या विहिरीपासून ते मधल्या सुट्टीतल्या बोरांपर्यंत सगळं सकाळच्या सत्रात येऊन गेलं. म्हणून मी एका गाण्याबद्दल बोलणार आहे. मध्यंतरी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या गाण्यावरून दोन दिवस वाद चालला होता, हे ग्रुपवरच्या सगळ्यांना आठवत असेल. कुणीतरी ‘एक दो तीन’चा नवा व्हिडिओ टाकला. खाली लगेच, ‘वाट लावली राव गाण्याची.’ त्यावर २०१५ च्या बॅचमधल्या एकाने अगदी निरागसपणे विचारलं, ‘मॅडम, याचं जुनंसुद्धा आहे का?’ त्या प्रश्नावर आमच्या बॅचच्या मंडळींनी जे लिहिलं ते इथे व्यासपीठावरून वाचता येणार नाही. पण प्रश्न चांगला होता. एक गाणं पुन्हा पुन्हा गायलं जातं, नाचलं जातं, तेव्हा नेमकं काय होतं? मी गेली जवळजवळ तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि दर जानेवारीत मुलांचे नाच बसवते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या कामाचाच आहे.

आधी जुन्याबद्दल. ‘तेज़ाब’ हा सिनेमा १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये आला. दिग्दर्शक एन. चंद्रा, म्हणजे आपलेच चंद्रशेखर नार्वेकर. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, त्यातले लक्ष्मीकांत म्हणजे लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर. गायिका अलका याज्ञिक, नाच सरोज खान यांनी बसवलेला, आणि नाचणारी माधुरी दीक्षित. एका गाण्यामागे इतकी मराठी नावं आहेत, हे तेव्हा आपल्याला माहीतही नव्हतं. शब्द जावेद अख्तर यांचे, आणि त्या शब्दांची गंमत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. लक्ष्मीकांतजींनी चाल ऐकवताना मीटर कळावं म्हणून नुसते आकडे म्हणून दाखवले. ते आकडे काढून तिथे खरे शब्द बसवायचे होते. जावेदसाहेबांनी आकडेच ठेवले आणि पुढच्या कडव्यांत महिन्याच्या तारखा गुंफल्या. वाट बघणारी बाई दिवस मोजते आहे, एवढाच अर्थ. पण पाढे म्हणता येणाऱ्या कुठल्याही पोराला ते गाणं पहिल्याच फेरीत पाठ व्हायचं. आमच्या वर्गात ज्यांना तेराचा पाढा येत नव्हता, त्यांनाही तेरापर्यंतचं हे गाणं येत होतं.

त्या गाण्यासाठी अलका याज्ञिक यांना फिल्मफेअर मिळालं. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी झाली. तोपर्यंत फिल्मफेअरमध्ये नृत्यदिग्दर्शनाला पुरस्कारच नव्हता. तो सुरू झाला आणि पहिला सरोज खान यांना मिळाला, याच गाण्यासाठी. नाच बसवणं हे एक काम आहे, त्याला बुद्धी लागते, त्याचं नाव पडद्यावर यायला हवं, हे एका गाण्याने मान्य करून घेतलं.

आपल्याकडे ते गाणं पोचलं कसं? तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो. वाशीम जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता. नवा सिनेमा गावाजवळ येईपर्यंत त्याची रिळं झिजलेली असायची. पण गाणी आधी यायची. बसस्टँडजवळच्या दुकानात कोरी कॅसेट दिली की दुकानदार आपल्या यादीतली गाणी भरून द्यायचा. मग विविध भारती, बुधवारचं चित्रहार, आणि गणपतीत वर्गणी काढून आणलेला व्हीसीआर. ‘तेज़ाब’ आम्ही असाच पाहिला. शाळेच्या मागच्या गल्लीत, रात्रभरात तीन सिनेमे, त्यातला दुसरा. गाणं आलं की मालकाला विनवण्या करून एकदा मागे फिरवून घ्यायचं. दोनदा पाहायला मिळालं. तेवढ्या भांडवलावर आमच्या वर्गातल्या एका मुलीने तो अख्खा नाच उचलला.

तिचं नाव मी घेणार नाही. ती या मंडपात बसली आहे आणि नाव घ्यायचं नाही या अटीवरच तिने मला हे सांगायची परवानगी दिली आहे.

१९९० चा जानेवारी. आम्ही नववीत. गॅदरिंगसाठी आम्ही सहा मुलींनी ‘एक दो तीन’ घ्यायचं ठरवलं. शिकवणारी अर्थात तीच. तिला जे आठवत होतं ते तिने जसंच्या तसं घेतलं, जे आठवत नव्हतं तिथे स्वतःचं घातलं. एका ठिकाणी फुगडीची गिरकी होती, एका ठिकाणी भुलाबाईच्या फेरातलं पाऊल. टू-इन-वनमध्ये सेल घालून आम्ही तालीम करायचो, कारण लाइटचा भरवसा नव्हता. सेल उतरले की गाणं संथ व्हायचं आणि नाचही. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, माधुरीच्या नाचाची पहिली नवी आवृत्ती मी पाहिली ती आपल्या शाळेच्या चिंचेखाली.

कार्यक्रमाला दोन दिवस राहिले आणि तिचे बाबा शाळेत आले. तुरीच्या सोंगणीतून थेट आले होते. रागावले नव्हते. दारात उभे राहून एवढंच म्हणाले, ‘बाई, माही पोरगी असल्या गाण्यावर नाचनार नाई. नाव काढून टाका तिचं.’ शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली आणि नुसतं तिचंच नाव नाही, आमचं गाणंच कापलं गेलं. मुलींनी असली गाणी घ्यायची नाहीत. कोळीगीत घ्या.

आता यातली गंमत बघा. ‘तेज़ाब’मध्ये हेच गाणं दोनदा आहे. एक अलका याज्ञिक यांच्या आवाजात आणि एक पुरुषाच्या आवाजात, अमित कुमार यांनी गायलेलं, अनिल कपूर आणि त्याच्या मित्रांवर चित्रित झालेलं. आमच्याच वर्गातल्या मुलांनी ते पुरुषी ‘एक दो तीन’ घेतलं होतं. ते कापलं गेलं नाही. चाल तीच, सिनेमा तोच, गॅदरिंग तेच. आकड्यांतही फरक नव्हता. मुलांनी डोक्याला रुमाल बांधून ते दणक्यात केलं आणि वन्समोअर घेतला. त्यातले चार जण पहिल्या रांगेत बसून हसताहेत. हसा, तुमचा नाच चांगलाच झाला होता.

एकाच सिनेमात एक गाणं पुरुषासाठी आणि एक बाईसाठी, ही सोय तेव्हा नवीन नव्हती. १९५७ च्या ‘आशा’मध्ये ‘ईना मीना डीका’ किशोरकुमारही गातात आणि आशा भोसलेही. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. तेही मोजणीचंच गाणं. मुलं खेळताना डाव कुणावर हे ठरवायला जे निरर्थक शब्द म्हणतात, त्यांच्यावरून सुचलेलं. एकतीस वर्षांनी आकड्यांच्या गाण्याचा पुरुषी आवाज झाला तो किशोरकुमारांचा मुलगा. म्हणजे सिनेमाने हे गाणं दोघांनाही दिलं होतं. आपल्या अंगणात येईपर्यंत ते एकाचंच उरलं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. ‘तेज़ाब’ची गोष्ट काय आहे? मोहिनीचा बाप दारुडा आहे, तिला पैशासाठी नाचायला लावतो. तिला नाचायचं नसतं. म्हणजे पडद्यावर बाप ‘नाच’ म्हणत होता आणि आपल्याकडे बाप ‘नाचू नको’ म्हणत होता. दोन्हीकडे पोरीला कुणी विचारलं नव्हतं.

मग आम्ही कोळीगीत केलं. समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरहून लांब, सहापैकी एकीनेही तो पाहिलेला नव्हता. दोन दिवसांत नवा नाच कुठून बसवणार? आम्ही युक्ती केली. पावलं ‘एक दो तीन’चीच ठेवली, टोपल्या हातात घेतल्या आणि कोळीगीतावर तोच नाच केला. पालक खूश, शिक्षक खूश. बक्षीससुद्धा मिळालं, स्टीलचे सहा पेले. माझा अजून घरात आहे. जिचा नाच होता ती पाचांच्या ओळीत नव्हती. ती पडद्यामागे टेपरेकॉर्डरजवळ बसली होती, गाणं सुरू करायला आणि बंद करायला. सहावा पेला आम्ही तिला दिला. दहावीनंतर तिचं लग्न झालं. आज एवढंच.

शाळा संपली, पण गाणं काही संपलं नाही. कॅसेटच्या त्या काळात टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या कॅसेटी स्वस्तात विकल्या. सोनू निगमच्या आवाजात रफी, कुमार सानूच्या आवाजात किशोर आपण त्याच वाटेने ऐकले. याला व्हर्जन रेकॉर्डिंग म्हणत आणि ते चोरून होत नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच तशी सोय होती. मूळ ध्वनिमुद्रण होऊन दोन वर्षं गेली की मालकाला नोटीस द्यायची, ठरलेली रॉयल्टी भरायची आणि गाणं नव्या आवाजात काढायचं. २०१२ मध्ये कायदा बदलला. आता कलम ३१ सी प्रमाणे पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं, किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, आणि ही नवी आवृत्ती आहे हे वेष्टनावर स्पष्ट लिहावं लागतं.

कायद्याचं हे पुराण मी उगाच लावलेलं नाही. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये आपलाही उल्लेख आहे. शाळेच्या उपक्रमात शाळेतल्याच मुलांनी आणि शिक्षकांनी गाणं सादर केलं, समोर शाळेचीच माणसं आणि पालक असले, तर ते उल्लंघन ठरत नाही. लग्नाच्या वरातीलाही तशीच सूट आहे. म्हणजे भारताच्या कायद्याने दोन जागा मोकळ्या ठेवल्या आहेत, वरात आणि गॅदरिंग. आपल्या भागातला बँडवाला क्लॅरिनेटवर ‘एक दो तीन’ वाजवायचा, पुढे हातगाडीवरच्या कॅसिओवर वाजवू लागला, डफड्याचा ठेका त्यात घालू लागला, तेव्हा त्याला कुणाची परवानगी नको होती. गाण्याच्या सगळ्यांत जास्त आवृत्त्या तिथेच झाल्या. त्यांची कुठेच नोंद नाही.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट कबूल करायची आहे.

मी नोकरीला लागले आणि गॅदरिंगची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. २००२ मध्ये ‘कांटा लगा’चं रिमिक्स आलं. मूळ गाणं १९७२ च्या ‘समाधी’तलं, संगीत राहुलदेव बर्मन, शब्द मजरूह सुलतानपुरी, आवाज लताबाईंचा. रिमिक्समध्ये ठेका बदलला होता, पण खरा गाजला तो व्हिडिओ. केबल गावात पोचली होती आणि दिवसातून दहा वेळा तो लागायचा. त्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने त्या गाण्यावर नाच बसवून आणला. मी तो पाहिलाही नाही. गाण्याचं नाव वाचलं आणि यादीवर काट मारली. ती समोर उभी होती. तिने विचारलं, ‘मॅडम, काहून?’ मी म्हटलं, ‘शाळेत असली गाणी नसतात.’

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते ओळखीचं वाटलं. शब्दसुद्धा तेच होते. बारा वर्षांपूर्वीच्या शिक्षकांच्या खोलीची मीही एक नवी आवृत्ती काढली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही असं म्हटलं तर नाटकी वाटेल. झोप आली. पण सकाळी मी त्या मुलीला बोलावलं आणि म्हटलं, नाच दाखव. तिने दाखवला. त्यात व्हिडिओतलं काहीच नव्हतं. तिने आईची ओढणी कमरेला बांधली होती आणि पायात खरोखर काटा रुतल्याचा अभिनय केला होता. शेतात राहणारी पोर, काटा कसा काढतात हे तिला त्या व्हिडिओ करणाऱ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मी फक्त एक बदल सुचवला. रिमिक्सऐवजी लताबाईंचं मूळ गाणं लावू. तिने घरी ऐकलं, तिच्या आजीला ते आधीच पाठ होतं. नाच झाला. पुढच्या रांगेत बसलेल्या बायकांनी सोबत गाणं म्हटलं.

तेव्हापासून मी गाण्याचं नाव वाचून काट मारत नाही. आधी नाच बघते. काही नाच बघून काट मारावी लागते हेही खरं आहे. काही व्हिडिओतल्या हालचाली बारा वर्षांच्या अंगावर चढवू नयेत, आणि तसं मी मुलांना आणि पालकांना स्पष्ट सांगते. पण ते मुलालाही सांगते आणि मुलीलाही. गाणं मुलाला चालतं आणि मुलीला चालत नाही, असा निकाल माझ्या शाळेत लागत नाही.

यानंतरची एक घटना मला वेगळ्या कारणाने लागली. २००६ मध्ये ‘जत्रा’ आला, केदार शिंदे यांचा. त्यातलं ‘कोंबडी पळाली’ तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. संगीत अजय-अतुल, शब्द जितेंद्र जोशी, आवाज वैशाली सामंत आणि आनंद शिंदे, पडद्यावर क्रांती रेडकर आणि भरत जाधव. पाच-सहा वर्षं ते प्रत्येक गॅदरिंगला होतं. मग २०१२ मध्ये हिंदी ‘अग्निपथ’ आला आणि अजय-अतुल यांनी स्वतःच आपलं गाणं हिंदीत नेलं, ‘चिकनी चमेली’ म्हणून. आवाज श्रेया घोषाल यांचा, नाच कतरिना कैफचा. सगळीकडे तेच वाजू लागलं. त्या वर्षी पाचवीतला एक मुलगा मला म्हणाला, ‘मॅडम, कोंबडी पळाली म्हणजे चिकनी चमेलीची कॉपी आहे ना?’

सहा वर्षांत मूळ गाणं स्वतःचीच नक्कल ठरलं! इथे कुणी चोरी केली नव्हती. संगीतकार तेच, त्यांचा हक्क होता, आणि मराठी चाल देशभर वाजली याचा मला आनंदच आहे. तरी त्या पोराच्या मनात वैशाली सामंत नव्हत्या, आनंद शिंदे नव्हते, जितेंद्र जोशीही नव्हते. मोठा आवाज लहान आवाजाला असा झाकतो. त्या दिवसापासून आमच्या शाळेत एक नियम केला. प्रत्येक नाचाआधी निवेदन करणाऱ्या मुलाने मूळ गाणं कोणत्या सिनेमातलं, गायक कोण, संगीत कुणाचं, गीत कुणाचं आणि आपल्याकडे हा नाच कुणी बसवला, हे सांगायचं. पाच नावं, अर्ध्या मिनिटाचं काम. सुरुवातीला मुलांना कंटाळा आला. आता तीच नावं शोधताना त्यांना मजा येते. ‘झिंगाट’च्या वेळी एका मुलीने शोधून आणलं की ‘सैराट’चा कन्नड अवतारही निघाला, आणि त्यातही आपली रिंकू राजगुरूच होती. वर्ग दोन दिवस ते कन्नड ‘झिंगाट’ गुणगुणत होता. ‘झिंगाट’ २०१६ चं, हिंदी ‘धडक’ २०१८ चा. हिंदी आलं तेव्हा आमच्या शाळेत कुणी मूळ कोणतं असं विचारलं नाही.

आणि आता ग्रुपवरचा वाद. २०१८ च्या मार्चमध्ये ‘बागी २’साठी ‘एक दो तीन’ पुन्हा केलं गेलं. नाच जॅकलिन फर्नांडिसचा, आवाज पुन्हा श्रेया घोषाल यांचा. सिनेमाचे दिग्दर्शक अहमद खान हे एके काळी सरोज खान यांचे सहायक होते. म्हणजे गुरूचा नाच शिष्याच्या सिनेमात आला. तरीही ‘तेज़ाब’च्या एन. चंद्रा यांनी उघडपणे नाराजी व्यक्त केली, आणि देशभर लोक तुटून पडले. पुढच्याच वर्षी ‘इनकार’ सिनेमातलं १९७७ चं ‘मुंगडा’ नव्याने आलं, तेव्हा मूळ गायिका उषा मंगेशकर यांनीही नाराजी बोलून दाखवली. तो मुंगळा तर आपल्या मराठीतलाच, हिंदी गाण्यात जाऊन बसलेला.

मला या रागाचं कारण समजतं. गाण्याचे हक्क बहुतेक वेळा कंपनीकडे असतात. कंपनीने होकार दिला की नवी आवृत्ती निघते. जिने गायलं, जिने नाच बसवला, ज्याने सिनेमा उभा केला, त्यांना विचारलंच पाहिजे असं नाही. आपलं गाणं बदलून दारात उभं राहतं आणि आपल्याला ते टीव्हीवर कळतं. यात दुखणं साहजिक आहे. पण त्याच वेळी मला एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. ग्रुपवर ‘वाट लावली’ लिहिणारे आपण सगळे, आपणही त्या गाण्यात हात घातला होता. आपण त्यात फुगडी घातली. त्याची पावलं काढून कोळीगीताला लावली. सरोज खान यांना आपणही विचारलं नव्हतं.

मग फरक कुठे आहे? मला तो असा दिसतो. आपण ते गाणं घेतलं तेव्हा त्यात आपलं काहीतरी घालावंच लागलं, कारण आपल्याकडे माधुरीचे कपडे नव्हते, स्टेज नव्हतं, ती चित्रफीत दुसऱ्यांदा बघायची सोय नव्हती. आपल्या उणिवांतून आपली आवृत्ती तयार झाली. ‘कांटा लगा’वर नाचणाऱ्या त्या पोरीने स्वतःच्या शेतातला काटा आणला. ज्या आवृत्तीत करणाऱ्याचं स्वतःचं काही नसतं, ती पुढच्या हंगामात विसरली जाते. ‘बागी २’मधल्या नाचावर मी आजवर एकही नाच बसवलेला नाही, कुणी मागितलाच नाही. मुली अजूनही जुनंच मागतात, पस्तीस वर्षांपूर्वीचं. ज्यांच्या आयांचाही तेव्हा जन्म झाला नव्हता, त्या मुली. आणि त्यांना ते कुणी नाही म्हणत नाही. गेल्या वर्षी आमच्या शाळेत ‘एक दो तीन’ झालं, तेव्हा पहिल्या रांगेत आजोबा मंडळी मोबाइलवर शूटिंग करत होती.

हे भाषण लिहिण्याआधी मी माझ्या मैत्रिणीला फोन केला. तिला विचारलं, ते नवं गाणं पाहिलंस का, राग आला का? ती म्हणाली, ‘राग कायचा? नाचू दे ना. ज्याले नाचता येते त्यानं नाचावं.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘माह्या तिसऱ्या पावलाले त्यायनं हात नाई लावला पण. ते कोनाले जमलंच नाई.’ ते तिसरं पाऊल, भुलाबाईच्या फेरातलं. माधुरीच्या नाचात ते नव्हतंच. पस्तीस वर्षं ती ते मूळ गाण्यातलंच समजत होती. मी तिला सांगितलं नाही. आज सांगते आहे, सगळ्यांसमोर. ते तुझं होतं.

मी तिला असंही विचारलं की संध्याकाळी करशील का? ती हसली. म्हणाली, ‘तवा बाबा नाई म्हने, आता गुडघे नाई म्हनतात.’ पण परवा तिचा निरोप आला. गुडघ्यांशी बोलणं झालंय म्हणे, दीड मिनिटापुरतं.

संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत तेराव्या क्रमांकाची जागा रिकामी दिसेल. छापताना चूक झालेली नाही. त्या जागेचं निवेदन मी आत्ताच करून टाकते. चित्रपट ‘तेज़ाब’, १९८८. गायिका अलका याज्ञिक. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. गीत जावेद अख्तर. मूळ नृत्य सरोज खान. आपल्या शाळेसाठी नाच बसवला, १९९० च्या नववीतल्या एका विद्यार्थिनीने.

पडद्यामागे टेपरेकॉर्डरजवळ मी बसणार आहे.